कसबा मतदारसंघ आणि आपले मत
(वार्षिक संमेलनातील भाषण)



पुण्याच्या कसबा पेठ विधानसभा मतदारसंघाविषयी चार शब्द सांगावेत, ही कार्यकारी मंडळाची आज्ञा शिरोधार्य मानून आम्ही येथे उभे आहोत.

हा मतदारसंघ म्हणजे जुन्या पुण्याचा गाभा. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार, रविवार, शुक्रवार या पेठा त्यात मोडतात. तांबट आळी, बोहरी आळी ही नावेच सांगतात की, येथील वस्ती धंद्यापरत्वे झाली. पश्चिमेस शाळा व छापखाने, पूर्वेस घाऊक बाजार व कारागीर. प्रश्न मात्र दोहींकडे एकच, तो म्हणजे जुन्या वाड्यांचा. 1947 च्या कायद्याने भाडी गोठली. मालकास डागडुजी परवडेना, भाडेकरूस घर सोडवेना. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठची कैक कुटुंबे दूर जाऊन वसली. पुढे नव्या पिढीने कोथरूड, सिंहगड रस्ता जवळ केला.

येथून 1995 ते 2014 पर्यंत पाच वेळा भारतीय जनता पक्षाचे गिरीश बापट निवडून आले, 2019 मध्ये मुक्ता टिळक. त्यांच्या निधनानंतर 2023 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे 11 हजार मतांनी विजयी झाले. 2024 मध्ये भारतीय जनता पक्षाच्या हेमंत रासने यांनी त्यांना पराभूत केले. अमुक ज्ञातीची मते अमक्याच्या पदरात, हा हिशेब मतदार किती सहज मोडतो, हे यावरून दिसावे.

तथापि आपल्यापैकी काहींचा आग्रह असतो की, संस्थेने एखाद्या उमेदवारास एकगठ्ठा पाठिंबा द्यावा. आमचे मत याविरुद्ध आहे. उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने इतरांनी, जातीच्या नावाने मते मागणे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये भ्रष्टाचार ठरते. मतदाराच्या जातीचाही त्यात समावेश होतो, असे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. संस्थेने शिष्यवृत्त्या द्याव्यात, विवाह जुळवावेत. मत ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरी विनंती अशी की, जे पेठ सोडून गेले, त्यांनी जुन्या वाड्याच्या मायेने तेथील यादीत नाव ठेवू नये. जेथे आपण राहतो, तेथील पाणी, रस्ता, शाळा यांबद्दल जाब विचारण्याचा अधिकार तेथील मतानेच मिळतो. त्यासाठी नमुना 8 चा अर्ज भरावा. 2023 मध्ये येथे मतदान झाले ते जेमतेम निम्मे. घरोघरी ज्येष्ठांनी एवढे मनावर घेतले, तरी या भाषणाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.