गोरं करून देऊ नका

आज पदवी घेणाऱ्या छायाचित्रकारांनो,

तुमच्यापैकी बरेच जण लवकरच हप्त्यांवर लाइट घ्यायला निघतील. माझं ऐकाल तर एकच फ्लॅश घ्या, त्याला मोठा सॉफ्टबॉक्स लावा आणि स्टँडवर कंजुषी करू नका. उरलेलं काम पांढरा थर्माकोल आणि काळं कापड करतं. सावलीच्या बाजूला थर्माकोल धरला की सावली उजळते, कापड धरलं की गडद होते. मीटरभर अंतरावरचा दिवा दोन मीटरवर नेलात तर प्रकाश निम्मा नव्हे, साधारण चौथाई उरतो. शिवाय चेहऱ्याच्या हिशेबी सॉफ्टबॉक्स लहान झाल्यामुळे सावलीची कड धारदार होते. म्हणून नवा दिवा मागवण्याआधी आहे तो हलवून पाहा.

पण मला बोलायचंय ते सावळ्या चेहऱ्याबद्दल. आपल्याकडे स्टुडिओत येणारे बहुतेक चेहरे सावळेच असतात आणि आपलं तंत्र नेमकं तिथंच कच्चं आहे. दोष सगळा आपला नाही. विसाव्या शतकात कोडॅककडून लॅबमध्ये रंग जुळवण्यासाठी जे ‘शर्ली कार्ड’ जायचं, त्यावर अनेक वर्षं गोरी बाई असायची. तिची त्वचा नीट आली की प्रिंट पास! फिल्म गेली, सवय मात्र राहिली.

कॅमेऱ्यातला मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं धरून चालतो. पांढऱ्या सदऱ्यातल्या सावळ्या माणसाचा फोटो काढा, मीटर सदऱ्याला भुलतो आणि चेहरा काळवंडतो. मग आपण संगणकावर तो उजळवत बसतो आणि त्याच्यावर राख फासल्यासारखी कळा येते. हातातला मीटर हनुवटीपाशी धरून पडणारा प्रकाश मोजा. त्याला त्वचेच्या रंगाशी देणंघेणं नसतं.

गडद त्वचेचा उठाव सावलीपेक्षा तिच्यावरच्या चकाकीतून जास्त दिसतो. लहान दिवा लावलात तर कपाळावर पांढरे ठिपके उमटतात आणि मग पावडरचा पफ घेऊन धावावं लागतं. मोठा दिवा जवळ, जरा बाजूला घेतलात तर तीच चकाकी गालावरून पसरत जाते. तेवढ्यानं चेहरा उभा राहतो; प्रकाशाचा मारा करावा लागत नाही.

एलईडी घेताना एवढं विचारा. सीआरआयचा, म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा, आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात. त्यात गडद लाल, म्हणजे आर-९, नसतो. त्वचेला तर लालच हवा असतो. खोक्यावर नव्वदच्या वरचा आकडा असूनही चेहरा निस्तेज येतो, तो बऱ्याचदा यामुळे. दुकानदार आर-९ सांगू शकला नाही, तर दुसरं दुकान गाठा.

आता लग्नसराई येईल. स्थळांना पाठवायचा फोटो काढायला मुलगी येईल, सोबत आई असेल आणि ती माउली हळूच म्हणेल, “जरा गोरं करून द्या हं.” तिच्यावर चिडू नका, बाजारानंच तिला ते शिकवलंय. तुम्ही मुलीला नीट बसवा, दिवा बाजूला घ्या, प्रकाश मोजा, आणि आहे त्या रंगातला फोटो आधी दोघींना मोठ्या पडद्यावर दाखवा. त्यानंतरही हट्ट राहिला, तर नम्रपणे नाही म्हणा. एका ऑर्डरचे पैसे बुडतील, बुडू द्या.