मोतीसोबत चालताना

मुसलमानाच्या दारात कुत्रं कसं, हा प्रश्न मला हिंदू मित्रांनी विचारला, तितकाच आमच्या मोहल्ल्यातल्यांनीही विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. तेव्हा आधी त्याचं उत्तर देतो, मग फिरायला निघू.

नुसत्या शौकासाठी कुत्रं पाळणं आमच्याकडे पसंत केलं जात नाही. शिकारीसाठी, गुराढोरांच्या आणि शेताच्या राखणीसाठी मुभा आहे. कुत्रं असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, अशी हदीस आहे. पण हदीसच्या त्याच ग्रंथांत तहानेनं ओली माती चाटणाऱ्या कुत्र्याची गोष्टही आहे. एक वाटसरू विहिरीत उतरतो, चामड्याच्या मोज्यात पाणी भरतो, मोजा दातांत धरून वर चढतो आणि त्या कुत्र्याला पाजतो. अल्लाह त्याचे गुन्हे माफ करतो. कुराणातल्या सूरह कहफमध्ये गुहेत शेकडो वर्षं झोपलेले तरुण आहेत आणि उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून पडलेलं त्यांचं कुत्रं आहे. हे तरुण होते तरी किती, यावर लोक वाद घालतात. कोणी म्हणतं तीन, चौथं त्यांचं कुत्रं. कोणी पाच, सहावं कुत्रं. कोणी सात, आठवं कुत्रं. माणसांच्या आकड्यावर एकमत नाही, पण कुत्र्याला मोजायचं कोणीही विसरत नाही. मला हे फार आवडतं. आमच्या मराठवाड्याचे नामदेव महाराज तर भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, हे तुम्हाला माहीत आहेच.

आमची मोती गावठी आहे. राखणीला म्हणून आली, ती अंगणात राहते. ओसरीची पायरी ही तिची हद्द. हनफी मताप्रमाणे कुत्र्याची लाळ नापाक. कोरडं अंग नुसतं लागलं तर कपडा नापाक होत नाही. तरी मी फिरायचा कुर्ता वेगळा ठेवला आहे आणि नमाजचा वेगळा. लाळ लागलेलं भांडं पुन्हा पुन्हा धुवायचं, तर आमच्या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांआड येत आलेलं. म्हणून मोतीची थाळीच वेगळी केली. फिकह आणि नळ, दोघांचंही ऐकावं लागतं.

आमची फुफी सुरुवातीला महिनाभर फाटकाबाहेर उभी राहूनच बोलायची. मोतीचं नावही घ्यायची नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिनंच फाटकाशी मातीचं कुंडं आणून ठेवलं. ‘चिड़ियों के वास्ते,’ म्हणाली. कुंडं परातीएवढं आहे. एवढी मोठी चिमणी बेगमपुऱ्यात मी तरी पाहिलेली नाही.

फजरची नमाज झाली की आम्ही निघतो. मकबऱ्याकडचा रस्ता, तिथून विद्यापीठाच्या बाजूला, आणि पाय साथ देत असतील तर गोगाबाबा टेकडीच्या पायथ्यापर्यंत. मकबऱ्याच्या आत तिला नेत नाही. आझमशहानं आपल्या आईसाठी बांधलेली वास्तू आहे. तिथं कबर आहे, अदब आहे. बाहेरून घुमट दिसतो तेवढा पुरे. मे महिन्यात आठच्या आत घरी परतायचं, कारण डांबर तापतं. हाताचा उलटा पंजा रस्त्यावर टेकवून बघावा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्यालाही चटके बसतात. त्याला चपला नसतात.

मोती शहाणी आहे असं लोक म्हणतात. ते शहाणपण उपजत नव्हतं. पहिले दोन महिने ती पट्टा ओढायची आणि मी फरफटत जायचो. मग ठरवलं, पट्टा ताणला की मी जागीच उभा राहणार. सैल सोडला की चालणार. दहा पावलांना दहा मिनिटं लागली असे दिवस गेले. खिशात ज्वारीच्या भाकरीचे कोरडे तुकडे असायचे. ऐकलं की एक. खरी अडचण भाषेची झाली. मी ‘थांब’ म्हणायचो, बायको ‘ठैर’ म्हणायची, पोरं ‘स्टॉप’. ती तिघांकडे आळीपाळीनं बघायची आणि कोणाचंच ऐकायची नाही. शेवटी घरात बैठक झाली आणि मराठी ठरली. आता ती थांब, बस, चल, सोड एवढ्या चार शब्दांवर चालते. तुम्ही मराठीत का लिहिता, असं मला अजून विचारतात. मोतीला कोणी विचारत नाही.

तिची खरी परीक्षा शहागंजात. संध्याकाळी कधी तिकडे गेलो, तर नान-खलियाचा वास गल्लीभर पसरलेला असतो. तिचं नाक वर जातं, पावलं मंदावतात, पण ती माझ्याकडे बघते. मी ‘चल’ म्हणतो आणि ती चालते. माझ्याच्यानं मात्र दर वेळी होत नाही. ओळखीचा रिक्षावाला हाक मारतो, ‘क्या उस्ताद, कुत्ते कू लेके किधर?’ पूर्वी या विचारण्यात टोमणा असायचा. आता तो आधी मोतीची खुशाली विचारतो.

पण समोरच्याला भीती वाटत असेल, तर आपलं कुत्रं किती गुणी आहे हे सांगण्यात अर्थ नसतो. आमच्या गल्लीत एका लहान मुलीला मोकाट कुत्रं चावलं होतं. जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं धुतली, लशीची सगळी इंजेक्शनं घेतली, ती बरी झाली. मोती दिसली की मात्र भिंतीला चिकटायची. तेव्हापासून ती मुलगी दिसली की मी पट्टा आखूड धरतो, रस्ता ओलांडतो आणि मोतीला बसवतो. ‘काही करत नाही ती’ हे वाक्य मी सोडूनच दिलं आहे. वर्षभरानं एका सकाळी मुलीनंच लांबून ‘बस’ म्हटलं. मोती आधीच बसलेली होती. मुलीला वाटलं, आपलं ऐकलं.

एका डिसेंबरात आम्ही मोतीला घेऊन मुरुडला गेलो, मित्राकडे. आमचं शहर खडकी म्हणून वसवलं ते मलिक अंबरनं, १६१० मध्ये. तो हबशी आणि जंजिऱ्याचे सिद्दीही हबशी, त्यामुळे तिथं परकं वाटत नाही. पंधरा दिवस रोज किनाऱ्यावर जायचो. वाळूत तिचे पाय भाजत नव्हते, रिक्षा नव्हत्या. सुकत घातलेल्या मासळीपाशी मात्र शहागंजापेक्षा कठीण परीक्षा. पट्टा तिथंही सोडला नाही. नोव्हेंबर ते मार्च कोकणच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि कुत्री ती उकरून खातात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ पासून जी घरटी जपली, ती माणसांपासून आणि कोल्ह्या-कुत्र्यांपासूनच.

आमचा मित्र कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई. त्यांच्या मतात ओलं कुत्रं अंगाला लागलं, तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यात एकदा माती लावून. आणि समुद्रावर कोरडं कुत्रं कुठून आणायचं? तो भला माणूस रोज आमच्याबरोबर यायचा, मोतीपासून चार हात अंतर राखून. लाट आली आणि तिनं अंग झटकलं की तो तरुणासारखा पळायचा. परतताना वाऱ्यानं ती सुकत आली की अंतर चारावरून दोन हातांवर यायचं.