आधीच्या आजाराची तारीख

(वडीगोद्री, ता. अंबड, जि. जालना येथे ग्रामस्थांसमोर झालेले भाषण)



विषाणूजन्य ताप उतरला की घरातील माणसे निश्चिंत होतात आणि कष्टकरी पुन्हा कामाला लागतो. हे स्वाभाविकच आहे. परंतु करोनाच्या साथीने एक नवा धडा शिकविला. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांना करोनानंतर काही बालकांत एक गंभीर आजार आढळला. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने तसाच आजार झालेल्या २७ प्रौढांची माहिती प्रसिद्ध केली. प्रौढांमधील बहुअवयवी दाह तो हाच.

हा आजार विरळा, पण प्राणघातक ठरू शकतो. मूळ संसर्गानंतर बहुधा दोन ते सहा आठवड्यांनी, क्वचित त्याहूनही उशिरा, तो उद्भवतो. विषाणूशी लढण्यासाठी जागी झालेली प्रतिकारशक्ती शांत न होता हृदय, आतडी, त्वचा व डोळे यांनाच दाह पोहोचविते. १००.४ अंशांवर ताप, अंगावर पुरळ, चिपडाविना लाल झालेले डोळे, पोटदुखी, उलट्या, जुलाब, खालावलेला रक्तदाब ही त्याची लक्षणे होत. फुप्फुसे मात्र पुष्कळदा ठीक असतात.

निदानाची खरी अडचण येथेच आहे. डेंग्यू, विषमज्वर, स्क्रब टायफस व लेप्टोस्पायरोसिस यांतही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून ते आजार आधी तपासणे अगत्याचे असते. निर्णायक अशी एकच चाचणी नाही. रक्तातील दाहदर्शक घटक, प्लेटलेटची संख्या आणि हृदयाची सोनोग्राफी यांचा एकत्रित विचार करावा लागतो. विषाणूची चाचणी तोवर नकारात्मक येऊ शकते. प्रतिपिंडे तर आता बहुतेकांच्या रक्तात आढळतात. तेव्हा महिनाभरापूर्वी घरात कोणाला ताप-खोकला होता काय, हा साधा प्रश्न मोलाचा ठरतो.

ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांनी तर तपासणीचे कागद सोबत बाळगावेत. आजार एका गावी आणि त्याचे परिणाम दुसऱ्या गावी, असे घडल्यास नव्या डॉक्टरांना पूर्वीचे काहीच ठाऊक नसते.

ताप हटत नसेल आणि जोडीला धाप, छातीत दुखणे, भोवळ वा असंबद्ध बोलणे असेल, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जालन्याचे जिल्हा रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय गाठावे. वेळीच निदान झाल्यास दाह शमविणारी औषधे उपलब्ध आहेत. डॉक्टरांपुढे बसताच आधीच्या आजाराची तारीख सांगावी. ती सांगणे रुग्णाच्या आप्तांच्याच हाती आहे.