मागेल त्याला काम आणि कामाला पुरेसे दाम
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यात दरवर्षी शिष्यवृत्त्या, वसतिगृहाचा निधी, वधूवरसूचन या विषयांवर बोलणे होते आणि ते इष्टच आहे. आज आम्ही थोडा निराळा विषय आपणापुढे मांडणार आहोत. अंगात बळ आहे, कष्टाची तयारी आहे आणि तरीही हाताला काम नाही, अशा माणसाची जबाबदारी कोणाची? त्याच्या नशिबाची, भाऊबंदांची, की राज्याची? या प्रश्नाचे उत्तर साऱ्या देशाला आपल्याच मुलखाने दिले, म्हणून त्याचा विचार आपण विशेष अगत्याने केला पाहिजे.

आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. या मुलखाच्या पश्चिमेस महाबळेश्वरी दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, तर पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत वीस इंचांसाठी आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. या कोरड्या पट्ट्याला दुष्काळ नवा नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात इंग्रज सरकारने म्हसवडजवळ राजेवाडीच्या तलावाचे काम काढले. पण ती कामे सरकारच्या मर्जीची होती. दुष्काळ जाहीर झाला तर काम, पाऊस पडला की काम बंद. मजूर तेथे याचक म्हणून उभा होता.

हे चित्र पालटावे असे ज्यांना वाटले, ते कै. वि. स. पागे आपल्या वाळवे तालुक्यातील बागणीचे. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या कल्पनेतून १९६९ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे प्रयोग सुरू झाला. जो काम मागेल त्याला गावाजवळच काम द्यावयाचे आणि ते काम जमीन व पाणी राखणारे असावयाचे, एवढेच त्याचे सूत्र होते. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने १९७२ साली ही योजना राज्यभर लागू केली आणि त्याच सुमारास महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती.

त्या वर्षीच्या आठवणी आपल्या वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकल्याच असतील. ज्यांच्या घरी बैलजोडी होती, ज्यांच्या वाड्यात पंगती उठत, त्यांच्याही घरच्या स्त्रिया पदराने तोंड झाकून खडी फोडावयास गेल्या. सुकडी पदरात घेताना हात थरथरला, पण पोरे जगली. ‘आपल्या ज्ञातीची माणसे रस्त्यावर?’ असे म्हणणारेही होते. आम्हांस वाटते, लाज त्या मातांना वाटावयास नको होती. घाम गाळून मिळवलेली भाकर कोणत्याही ज्ञातीस कमीपणा आणीत नाही. कमीपणा असेलच, तर तो सशक्त माणसास रिकाम्या हाताने परत पाठविणाऱ्या समाजाला आहे.

पुढे विधिमंडळाने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील कोणाही प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागितले तर पंधरा दिवसांत ते दिले पाहिजे, न दिल्यास बेकारी भत्ता दिला पाहिजे, असे त्याने ठरविले. काम देण्यापूर्वी जात विचारावी असे त्यात कोठेही नाही, हे आपण ज्ञातिमंडळाच्या सभेत मुद्दाम ध्यानी घ्यावे. याच विचारावर केंद्राने २००५ साली देशभरासाठी कायदा केला आणि प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांची हमी दिली.

यासाठी पैसा कोठून आला? १९७५ सालच्या कायद्याने शहरातील नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसायकर बसविण्यात आला, तो याच कामासाठी. मुंबईस स्थायिक झालेल्या आपल्या कितीतरी बांधवांच्या पगारातून तो कापला गेला. म्हणजे आटपाडीच्या माळावर कुदळ मारणारा आणि फोर्टातील कचेरीत लेखणी चालविणारा, एकाच गावचे हे दोन भाऊ कायद्याने एकमेकांस बांधले गेले. आपल्या मंडळाचा निधी कितीही वाढला, तरी एवढे मोठे काम त्याच्याने होणार नाही. ते राज्यानेच करावयाचे असते.

कोणी म्हणतील, असे काम दिल्याने माणसे आळशी होतात. वैशाखाच्या उन्हात पाझर तलावाची माती वाहावयास जो जातो त्यास आळशी म्हणणाऱ्याने एक दिवस पाटी उचलून पाहावी. कोणी म्हणतील, खजिना रिता होईल. घटनेच्या ४१ व्या कलमाने कामाच्या हक्काला राज्याच्या आर्थिक कुवतीची मर्यादा घातली आहे, हे खरे. तथापि याच कामांतून झालेल्या बांधांनी आणि तलावांनी खालच्या विहिरींस पाणी आणले, ते उत्पन्न जमेस कोणी धरावयाचे?

दामाची गोष्ट मात्र अद्याप अपुरी आहे. घटनेचे ४३ वे कलम निर्वाह वेतनाविषयी बोलते. १९४९ च्या न्याय्य वेतन समितीने त्याचा अर्थ सांगितला तो असा : केवळ अन्न, वस्त्र, निवारा नव्हे, तर मुलांचे शिक्षण, आजारपणातील आधार आणि म्हातारपणाची थोडी तरतूदही. किमान वेतन ही त्याच्या खालची पायरी. दुष्काळी कामावरही किमान वेतनाहून कमी देता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली राजस्थानातील मजुरांच्या खटल्यात दिला. म्हणजे न्यायालयाने पहिली पायरी भक्कम केली. वरची पायरी चढणे अजून उरलेच आहे. शिवाय मोजमाप उशिरा झाले आणि मजुरी महिन्यांनी हाती आली, तर हमीचा अर्थच काय राहिला? भूक मोजमापासाठी थांबत नाही.

म्हणून आमची विनंती दोन गोष्टींची आहे. आपल्या गावी ज्यास काम हवे असेल, त्यास तोंडी विनवण्या करू देऊ नका. लेखी अर्ज द्यावयास लावा आणि त्यावर तारखेची पोच घ्या. अर्जाची तारीखच नसेल तर पंधरा दिवस कोठून मोजणार? हे काम आपल्या शिकलेल्या तरुणांनी अंगावर घ्यावे. दुसरे, तो अर्ज लिहिताना अर्जदार आपल्या ज्ञातीचा की परक्या, हे पाहू नका.

विसापुरात जे सुरू झाले ती दया नव्हती, तो हक्काचा आरंभ होता. हक्क मागणारा उरला नाही, तर कायदा कागदावरच राहतो. तसे आपल्या मुलखात तरी होऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.