सेच्या प्रांगणात

आमचे कुलदैवत श्रीमंगेश. लहानपणी आईबरोबर प्रियोळला जाणे होई, तेव्हा पणजीहून फोंड्याकडे जाताना जुने गोवे वाटेत लागे. पण आई तेथे कधी उतरली नाही. देव मूळचा कुशस्थळीचा. सोळाव्या शतकात देवळे मोडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी त्याला जुवारीपलीकडे आणले, एवढे तिने मला पहिल्याच खेपेस सांगितले होते. त्यापुढे काही सांगण्याची तिला आवश्यकता वाटली नाही. ती गेल्यानंतर मी एकटाच मंगेशाच्या दर्शनाला गेलो आणि परतताना, प्रथमच, जुन्या गोव्याला उतरलो.

‘से’ म्हणजे पीठ, बिशपचे आसन. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, आल्बुकेर्कने हे शहर जिंकले; म्हणून हे कॅथीड्रल तिच्या नावाचे. १५६२ मध्ये आरंभलेले बांधकाम १६१९ मध्ये पुरे झाले आणि आतील वेद्यांचे काम तर १६५२ पर्यंत चालले. अडीचशे फूट लांबीची ही वास्तू समोरून पाहिली की एका बाजूस रिकामेपण जाणवते. दोन मनोऱ्यांपैकी उत्तरेकडील मनोरा १७७६ मध्ये कोसळला; तो पुन्हा उभारला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून प्रसिद्ध असलेली प्रचंड घंटा आहे.

कॅथीड्रलजवळच्या चौकात एके काळी आदिलशाही वाडा होता. पुढे त्यातच धर्मन्यायालय बसले. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, त्याचा अंमल चालला. आज त्या इमारतीची खूणही नाही. आई ज्या गोष्टीमुळे गाडीतून उतरत नसे, ती येथे शोधूनही सापडत नाही. आणि जिच्याकडे ती पाहत नसे, ती वेदी मात्र सोनेरी झळाळीत उभी आहे. मी तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. ते काम सुंदर होते, हे कबूल करणे मला सोपे गेले नाही.

पलीकडेच संत फ्रान्सिसचे चर्च आहे. सध्याची वास्तू १६६१ ची; पण तिचे काळ्या दगडाचे दार त्याहून जुन्या चर्चचे जपून ठेवलेले आहे. लगतच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. तेथे पोर्तुगीज राज्यपालांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या आहेत आणि त्याच छपराखाली जुन्या देवळांतील मूर्ती, वीरगळ आणि सतीचे दगडही आहेत. सरकारी नोकरीत, कागदावर ज्याचे नाव नाही त्याने काही केलेच नाही, असे मानण्याची सवय जडते. येथे ती सवय उपयोगी पडत नाही. राज्यपालांची नावे ठाऊक आहेत. परंतु ज्यांनी जांभ्या दगडाच्या या भिंती रचल्या, त्यांवर चुना चढवला, त्या पाथरवटांची आणि गवंड्यांची नावे कोण सांगणार? जांभा येथल्याच भूमीचा. तो रचणारे हातही बहुतांशी याच भूमीचे असणार.

आणखी एक गोष्ट मला तेथे आठवली. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या! कॅथीड्रल पुरे झाले त्याच १६१९ साली तो वारला. ज्या सत्तेच्या धाकाने आमचा देव नदीपार गेला, तिच्याच छायेत राहून एका परक्या माणसाने माझ्या आईच्या भाषेत ओवी रचली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरीचा हिशेब फिटत नाही.

आई उतरली नाही, यात तिचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. परंतु पुढच्या वेळी मुलाला मंगेशीला नेईन, तेव्हा येथेही उतरवीन. आधी त्याच्या आजीने सांगितलेले सांगेन, आणि मग मी पाहिलेले दाखवीन.