गाठीची कड
बीड जिल्ह्यात २०१९ साली शासकीय समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड भगिनींपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनेकींना कर्करोगाची भीती घातली गेली होती. निदान भीतीवर ठरत नाही. ते गाठीचा तुकडा तपासून होते, आणि रोग कुठवर पसरला हे सीटी वा एमआरआयची प्रतिमा सांगते.

सीटीचे यंत्र छायाचित्र टिपत नाही. निरनिराळ्या कोनांतून आलेल्या क्ष-किरणांच्या नोंदींवरून संगणक गणिताने प्रतिमा रचतो. जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन् या भारतीय शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये त्यासाठी मांडलेली सुटसुटीत रीत ‘राम-लक’ या नावाने आजही जगभर शिकवली जाते. यंत्र मात्र इंग्लंडात उभे राहिले, ही खंत आहेच!

आजचा संशोधक प्रोग्रॅमर पुढचे काम करतो : संगणकाला गाठीची कड ओळखायला शिकवणे. कड चुकली, तर किरण निरोगी मूत्राशयावर पडतात किंवा गाठीचा अंश सुटतो. म्हणून प्रत्येक रेषा डॉक्टरांनी तपासावीच लागते. शिवाय संगणक पाहिलेल्या चित्रांवरूनच शिकतो. त्यांत अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात येणाऱ्या भगिनींसारख्यांची चित्रे नसतील, तर त्यांच्याबाबतीत त्याच्या अंदाजावर कितपत विसंबायचे?