आधी पाय, मग दृष्टी, मग वाणी



शाळा सुरू झाली की क्रीडांगणावर दरवर्षी एक लहानसा सोहळा होतो. संघ निवडले जातात आणि प्रत्येक संघाला एक कर्णधार नेमला जातो. बहुधा जो सर्वांत उंच, जो सर्वांत दांडगा किंवा ज्याचा आवाज सर्वांत मोठा, त्याच्या छातीवर बिल्ला लागतो. हा बिल्ला लावल्याने नेतृत्व येते काय? येत नसेल, तर नेतृत्व ही उपजत देणगी मानून स्वस्थ बसावे, की गणिताप्रमाणे, व्याकरणाप्रमाणे तेही पायरीपायरीने शिकविता येते? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. त्याचे उत्तर जयपूर नगरीच्या मैदानांवर मिळते; परंतु ते नीट ओळखता यावे म्हणून प्रारंभ मात्र एका दूरदेशीच्या खेळापासून करणे सोयीचे ठरेल.

अमेरिकेत ज्याला नुसते ‘फुटबॉल’ म्हणतात, तो खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून सर्वस्वी निराळा. चेंडू लंबगोल, तो हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे, आणि प्रतिपक्षाने पळणाऱ्याला अंगावर झेपावून रोखायचे. भारताला हा खेळ अगदीच अनोळखी नाही. २०१२ साली एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या स्पर्धेचा पहिला हंगाम कोलंबो येथे झाला आणि त्यात ‘पुणे मराठाज’ हा संघ विजयी ठरला. या खेळात अकरा जणांच्या मध्यभागी एक खेळाडू असतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक डावात चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो. समोरून धिप्पाड बचावपटू त्याला पाडण्यासाठी धावून येत असतात आणि तीनएक सेकंदांत त्याला ठरवावे लागते, की चेंडू कोणाकडे फेकायचा, स्वतः पळायचे, की हा डाव सोडून द्यायचा.

असा खेळाडू घडविताना जाणता प्रशिक्षक सुरुवात कोठून करतो? बाहेरून पाहणाऱ्यास वाटेल, दंडाच्या ताकदीपासून. प्रत्यक्षात सुरुवात होते पायांपासून. चेंडू हाती आला की तीन, पाच किंवा सात पावले मागे जायचे, शेवटच्या पावलावर तोल सावरायचा, चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरायचा, उजव्या हाताने फेकणाऱ्याने डावा खांदा लक्ष्याकडे वळवायचा आणि डाव्या पायाचे आखूड पाऊल त्याच दिशेने टाकायचे. कंबर वळते, तिच्यामागून खांदा आणि सर्वांत शेवटी हात येतो. पाऊल चुकले की फेक चुकलीच. ही पावले म्हणजे खेळाडूचे घड्याळही असते. मागे जाण्याची पाच पावले पूर्ण होतात, तेव्हा पुढे धावणारा सहकारी ठरलेल्या जागी पोहोचलेला असतो. तेथे तो अडविला गेला असेल, तर नजर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे, असा क्रमही आधीच घोटलेला असतो.

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी या पदन्यासाला आणि वेळेच्या हिशेबाला आपल्या शिकवणुकीचा पाया केले. १९७९ च्या निवडीत त्यांनी जो मोंटाना या तरुणाला घेतले, तेव्हा त्याच्या आधी ८१ खेळाडूंची निवड होऊन गेली होती. त्याच्या हाताच्या जोराविषयी पुष्कळांना शंका होती. पुढे याच खेळाडूने त्या संघाला चार वेळा सुपर बोल हे सर्वोच्च विजेतेपद मिळवून दिले.

त्यांपैकी २२ जानेवारी १९८९ च्या अंतिम सामन्यातील एक प्रसंग शिक्षकांनी आणि पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. संघ १३ विरुद्ध १६ असा मागे पडलेला, सामना संपण्यास तीन मिनिटांहून थोडाच अधिक अवधी, आणि चेंडू न्यावयाचा तो तब्बल ९२ यार्ड. सहकारी वर्तुळ करून उभे राहिले. त्यांतील हॅरिस बार्टन हा खेळाडू अतिशय चिंतेत होता. मोंटानाने ना आवेशाचे भाषण केले, ना कोणास दरडावले. त्याने प्रेक्षकांत बसलेल्या जॉन कँडी या विनोदी नटाकडे बार्टनचे सहज लक्ष वेधले. ताण सैल झाला. मग एकेक डाव शांतपणे खेळत संघाने ते अंतर कापले आणि सामना २०–१६ असा जिंकला.

गर्दीतला एक चेहरा अशा क्षणी मोंटानाला दिसला कसा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेजारच्या सहकाऱ्याची धास्ती दिसली कशी? पाय कोठे टाकायचा, चेंडू कसा धरायचा याचा विचार करण्याची गरज त्याला उरलेली नव्हती, म्हणून. मूलभूत कौशल्य अंगवळणी पडले की मन मोकळे होते. मन मोकळे झाले की डोळ्यांना स्वतःपलीकडचे दिसू लागते. आणि ज्याला सहकारी दिसतो, त्यालाच त्या सहकाऱ्याशी काय बोलावे हे सुचते. आधी पाय, मग दृष्टी, मग वाणी, असा हा क्रम आहे. शाळांत पुष्कळदा तो उलटा होतो. वाणी पाहून कर्णधार नेमला जातो आणि त्याचे पाय कच्चेच राहतात.

आता जयपूरकडे वळू. या नगरीत क्वार्टरबॅकचा जवळचा आप्त शोधायचा, तर तो पोलोच्या मैदानावर सापडतो. पोलोत प्रत्येक संघात चार घोडेस्वार असतात. पहिला आणि दुसरा मुख्यतः आक्रमणासाठी, चौथा रक्षणासाठी, आणि तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू म्हणजे संघाचा कणा. प्रतिपक्षाचा चेंडू अडवून तो आक्रमणात बदलणे, कोणाला पुढे धाडायचे आणि कोणाला मागे बोलवायचे हे दौडत्या घोड्यावरून ठरविणे, हे काम त्याचे.

सवाई मानसिंह दुसरे यांच्या जयपूर संघाने १९३३ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्या हंगामातील प्रमुख स्पर्धा एकामागून एक जिंकल्या. संघात बारियाचे पृथीसिंह होते, अभयसिंह आणि हनुतसिंह हे जोधपूरच्या सर प्रतापसिंहांचे दोघे पुत्र होते, आणि स्वतः महाराज होते. मानसिंहांना १९३१ मध्ये राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले होते. जयपूर संस्थानचा अधिपती, संघ त्याचा, घोडे त्याचे. तरी मैदानावर महाराज रक्षणासाठी मागे चौथ्या क्रमांकावर खेळत आणि डावाची सूत्रे हलविणारा तिसरा क्रमांक राव राजा हनुतसिंहांकडे असे. सिंहासन कोणाचे, या प्रश्नाला तेथे स्थान नव्हते. मैदान कोणाला अधिक वाचता येते, एवढाच प्रश्न होता. हनुतसिंहांना पुढे १९६४ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला.

या खेळाचे शिक्षणही मुळापासूनच होते. पोलोचा विद्यार्थी घोड्यावरून चेंडू मारण्याआधी लाकडी घोड्यावर बसतो. भोवती जाळी, जमीन चहूकडून उतरती, म्हणजे मारलेला चेंडू पुन्हा घरंगळत त्याच्यापाशी येतो. काठी उजव्या हातातच धरायची, हा नियम डावखुऱ्यांनाही चुकत नाही. घोड्याच्या उजव्या बाजूने पुढे, उजव्या बाजूने मागे, डाव्या बाजूने पुढे, डाव्या बाजूने मागे, असे चार फटके शेकडो वेळा घोटायचे. तो लाकडी घोडा कोठेही जात नाही, पण त्यावर बसूनच स्वाराची बैठक पक्की होते. मग खऱ्या घोड्यावर त्याला चेंडूच्या वाटेचा नियम पाळता येतो. चेंडू ज्या रेषेत निघाला, त्या रेषेवरील स्वाराचा हक्क कोणी धोकादायक रीतीने आडवे येऊन हिरावून घ्यायचा नाही. काठीकडे पाहत बसणाऱ्याला ती रेषा दिसतच नाही.

पोलो हा मोजक्यांचा खेळ, घोडे पाळणाऱ्यांचा, असे कोणी म्हणेल आणि ते खरेच आहे. म्हणून जयपूरचेच दुसरे उदाहरण मराठी मातीतल्या खेळाचे घेऊ. त्यास साधने लागत नाहीत. मैदान आणि दमदार छाती पुरते. प्रो कबड्डीच्या पहिल्याच हंगामात, ३१ ऑगस्ट २०१४ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सने यू मुंबाला ३५–२४ असे नमविले. २०२२ च्या डिसेंबरात याच जयपूर संघाने मुंबईतच पुणेरी पलटणवर ३३–२९ अशी मात केली. दोन्ही वेळी मराठी मने हळहळली असतील. पण या विजयांत एक बोध दडलेला आहे. २०१४ चा कर्णधार नवनीत गौतम आणि २०२२ चा कर्णधार सुनील कुमार, हे दोघेही बचावपटू. टाळ्या चढाई करणाऱ्याला पडतात, छायाचित्रे त्याची छापली जातात. कर्णधारपद मात्र या संघाने दोन्ही वेळा पकडी करणाऱ्याकडे दिले होते.

कबड्डीतला बचावपटू काय करतो, ते पाहण्याजोगे आहे. चढाई तीस सेकंदांची. सातजण अर्धवर्तुळात उभे. कोपरारक्षक आणि मध्यरक्षक यांनी एकमेकांचे हात धरून साखळी केलेली. चढाईपटू आत शिरला की एकाने झेप घ्यायची आणि उरलेल्यांनी त्याच क्षणी त्याला वेढायचे. झेप अर्धा क्षण लवकर पडली की पकडणारा एकटा पडतो आणि गुण जातो. उशिरा पडली की चढाईपटू मध्यरेषा गाठतो. येथे लांबलचक आज्ञेला वेळ नसतो. हाताला हाताचा दाब, एखादा आखूड शब्द, एवढीच नेत्याची भाषा. ती दोन्हीकडे कळावी लागते आणि त्यासाठी साखळीतील प्रत्येकाचा पाय आधीच योग्य जागी असावा लागतो.

शाळेच्या मैदानासाठी यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, रोजच्या सरावातील आरंभीची पंधरा मिनिटे सामन्यासाठी नव्हे, तर केवळ उभे राहण्याच्या, पाऊल टाकण्याच्या आणि तोल सावरण्याच्या अभ्यासासाठी राखावीत. मुलांना ती कंटाळवाणी वाटतात, पाढेही वाटतात. दुसरी गोष्ट, शिक्षकाने प्रत्येक चूक ओरडून सांगण्याऐवजी डाव संपल्यावर विचारावे, “तुला काय दिसले?” उत्तर देताना मूल त्या क्षणाकडे परत वळून पाहते, आणि पुढच्या वेळी पाहण्याची सवय लागते. तिसरी, खडसावणे आवश्यकच असेल तर ते एकांतात व्हावे. सर्वांसमोर अपमानित झालेला कर्णधार निर्णय घेणेच टाळू लागतो. आणि चौथी, निदान सरावात तरी कर्णधारपद आळीपाळीने सर्वांकडे जावे. अबोल मुलांतील पुष्कळ उत्तम नेते केवळ कोणी संधी न दिल्यामुळे अज्ञात राहतात.

पालकांच्या मनात याहून खोल एक शंका असते आणि ती हीरकमहोत्सवाच्या वर्षी मोकळेपणाने बोललेली बरी. मराठी माध्यमात शिकलेले मूल चारचौघांत मागे पडेल, त्याच्यात नेतृत्व येणार नाही, ही ती शंका. तिच्या मुळाशी नेतृत्व म्हणजे फर्डे भाषण, आणि तेही इंग्रजीत, असा समज आहे. इंग्रजी अवश्य यावी. ती उत्तम शिकवावी, हे शाळेचे कर्तव्यच. परंतु मोंटानाने त्या क्षणी वापरला तो घरगुती गप्पांचा एक साधा शब्द, आणि कबड्डीची साखळी चालते ती हाताच्या स्पर्शावर. ज्या भाषेत मूल निःशंकपणे विचार करते, त्या भाषेत त्याला प्रथम नेमके बोलता यावे. नेमकेपणाची सवय एकदा लागली की ती दुसऱ्या भाषेतही सोबत जाते.

दुसरी चूक घडते ती नववी-दहावीच्या उंबरठ्यावर. शिकवणीच्या वेळापत्रकात पहिला बळी मैदानाचा जातो. सात-आठ वर्षे पाय घोटून झाले, दृष्टी नुकती उघडू लागली आणि वाणी फुटणार, नेमक्या त्याच वेळी मूल घरी बसविले जाते. आठवड्यातील तीन संध्याकाळी त्याला मिळाल्या, तर अभ्यासाची हानी होईल असे मानण्याचे कारण नाही. तो घरी परतला की “किती गुण घेतलेस?” असे विचारण्याऐवजी “आज कोणाला मदत केलीस?” असे विचारून पाहावे. प्रारंभी उत्तर मिळणार नाही. काही दिवसांनी मूल ते मैदानावरच शोधू लागेल.

माजी विद्यार्थ्यांस अखेरची विनंती. अशा महोत्सवात शाळेला चषक भेट देण्याची प्रथा आहे, आणि ती स्तुत्यच आहे. परंतु चषकांची कपाटे बहुतेक शाळांत भरलेली असतात. उणीव असते ती रविवारी सकाळी तासभर मैदानाच्या कडेला उभे राहून मुलांच्या पावलांकडे लक्ष देणाऱ्या माणसाची. ज्यांनी या मैदानावर गुडघे फोडून घेतले, त्यांच्यापैकी दहाजणांनी जरी महिन्यातला एक रविवार दिला, तरी पुढच्या वर्षी बिल्ला कोणाला द्यायचा, हे ठरविणे शिक्षकांना बरेच सोपे जाईल.